जी सकाळ मला आठवत नाही

हे मी एका बोटाने टाइप करते आहे. फोनमध्ये बोलून लिहायची सोय आहे, पण माझं बोलणं फोनला कळत नाही. मी "ऊन" म्हणते, तो "ऊस" लिहितो. घरातल्यांना आता सवय झाली आहे. नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं.

मी सुनंदा. खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत राहते. माझे यजमान, म्हणजे प्राचीचे बाबा, केंद्रात फिटर आहेत, शिफ्टची नोकरी. मी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. "होते" लिहिताना अजूनही बोट अडखळतं. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात मला उष्माघात झाला. भर दुपारी नाही, शेतात नाही, रस्त्यावर नाही. आमच्याच कॉलनीच्या मैदानावर, सकाळी, मुलीसोबत धावताना.

"सकाळची कशी काय लू लागली वं तुले?" असं मला अजून विचारतात. आमच्याकडे उष्माघाताला लू लागणं म्हणतात. त्या विचारणाऱ्यांसाठी, आणि ज्यांची मुलं-मुली सध्या भरतीसाठी मैदानावर घाम गाळत आहेत त्यांच्यासाठी, हे लिहिते आहे.

मागून येणारे पाय

प्राची, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची होती. पोलीस भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. तिचं अडत होतं ते आठशे मीटर धावण्यात. थोडक्या सेकंदांसाठी तिचे मार्क जात होते. पहाटे अंधारात मुलीने एकटीने मैदानावर जाऊ नये म्हणून मी सोबत जाऊ लागले. आधी नुसती कठड्यावर बसून राहायचे. मग बसून कंटाळा आला म्हणून चालू लागले, आणि चालता चालता एक दिवस धावले.

कॉलेजात मी खो-खो खेळायचे. मला वाटलं होतं अंग ते सगळं विसरलं असेल. विसरलं नव्हतं. ती पुढे, मी मागे, असं आमचं ठरून गेलं. मी मुद्दाम पाय जोरात आपटायचे, कारण मागून कुणी येतंय असं वाटलं की प्राचीचा वेग वाढायचा. कितीतरी वर्षांनी मला माझं शरीर आवडू लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटलंही नव्हतं.

नवतपा लागला होता. आमच्याकडे मेच्या शेवटच्या त्या दिवसांत माणसं कामापुरतीच बाहेर पडतात. आदल्या दिवशी नागपुरात लकडगंजला नात्यातलं लग्न होतं. उन्हात जाणं-येणं झालं, घरी यायला उशीर झाला, झोप धड लागली नाही. त्यात मला दोन दिवसांपासून सर्दी. मेडिकलमधून आणलेली गोळी घेतली, पट्टी उशीखाली सरकवली.

मला आठवतं ते एवढंच. त्यानंतरची सकाळ माझ्याकडे नाही. ती मी प्राचीच्या तोंडून ऐकली आहे.

प्राचीने सांगितलेलं

उठायला उशीर झाला, त्यामुळे मैदानावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मी नेहमीचं पूर्ण बाह्यांचं जॅकेट घातलं होतं. कॉलनीत सगळे ओळखीचे. उजेडात धावणाऱ्या बाईकडे लोक बघतात, म्हणून मला ते बरं वाटायचं. त्या कापडातून वारा जात नसे.

काही फेऱ्या झाल्या. मी मागे पडू लागले. प्राचीला वाटलं, लग्नाचा थकवा असेल. मग मी मधेच थांबले आणि तिच्यावर ओरडले, "वही कुठे आहे तुझी? रोज कशी विसरतेस?"

मी तिला माझ्या वर्गातली मुलगी समजत होते. तिला वाटलं, आई गंमत करते आहे.

"मी हसली, आई," ती म्हणते. हे सांगताना दरवेळी ती इथेच थांबते. मग पुढचं सांगते.

मी उलटी केली आणि कडुनिंबाखाली बसले, बसले म्हणजे कोसळलेच. अंग घामाने भिजलेलं होतं. फिरायला आलेल्या एका काकूंनी माझ्या गळ्याला हात लावून पाहिला. "घाम तर येऊन राहिला तिले. लू नाही हे. बीपी लो झालं असन." लू लागली की अंग कोरडं पडतं, असं आम्ही सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी आणलं. मी ते गिळू शकले नाही, हनुवटीवरून खाली आलं.

प्राचीने बाबांना फोन केला. ते नुकतेच रात्रपाळीहून आले होते. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांनी मला घरी आणलं. घरी माझे दात वाजू लागले, अंग थरथरू लागलं. ते बघून बाबांनी कूलर बंद केला आणि माझ्यावर चादर घातली.

थोड्या वेळाने मला झटका आला. मग ॲम्ब्युलन्स, मग नागपूर.

ओल्या चादरी

मी शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती आणि अंगाखालची चादर ओली होती. डोक्याशी पंखा, पायांशी पंखा. मला वाटलं मी पावसात झोपले आहे आणि कुणी मला आत का घेत नाही.

किती दिवस गेले होते ते मला कळत नव्हतं. मूत्रपिंडं बसली होती, यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागलं, यकृताचं काहीतरी वर गेलं होतं. ही सगळी माहिती नंतरची. मला कळायचं ते वेगळं. पहाटे रक्त काढायला यायचे. मग अंग पुसायचं. मग डॉक्टरांचा घोळका, तो माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलायचा. मग नातेवाइकांना आत सोडायची वेळ. एका वेळी एकच माणूस. बाबा येऊन पायाशी उभे राहायचे. प्राची येऊन उशाशी उभी राहायची. दोघं एकमेकांबद्दल काहीच बोलत नसत, हे मला त्या गुंगीतही जाणवलं होतं.

माझे केस लांब होते. बर्फाचं पाणी, घाम आणि उशी ह्यांनी त्यांचा एक गोळा झाला होता. सिस्टर म्हणाल्या, कापून टाकलेले बरे. माझ्या घशातली नळी काढली होती, पण आवाज नव्हता. मी मान हलवून नाही म्हटलं, डोळ्यांत पाणी आलं. वॉर्डातल्या मावशींनी ते पाहिलं. दुपारी त्यांच्या कामातून जरा उसंत मिळाली तेव्हा त्या घरून आणलेलं खोबरेल तेल घेऊन माझ्यामागे बसल्या आणि एकेक बट सोडवत गेल्या.

"दुखते का?"

मी मान हलवली.

"दुखत असन तरी सांगणार नाही तू. पाहून राहिली ना मी."

त्या दुपारी पूर्ण झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्या. त्यांनी शेवटी दोन वेण्या घातल्या, शाळकरी मुलीच्या घालतात तशा. हॉस्पिटलमधल्या सगळ्या दिवसांत मी पोटभर रडले ते त्याच दिवशी, आणि ते रडणं वाईट नव्हतं.

नाक आणि बोट

मेंदूचे डॉक्टर आले ते तरुण होते. त्यांनी आपलं बोट माझ्यासमोर धरलं. "ताई, तुमचं बोट आधी तुमच्या नाकाला लावा, मग माझ्या बोटाला."

एवढं तर मी वर्गातल्या मुलांकडून खेळात करून घेते, असं मनात आलं. मी बोट उचललं. ते माझ्या गालावर गेलं. पुन्हा उचललं, ते डोळ्याकडे गेलं. मी डॉक्टरांकडे पाहिलं आणि हसले. त्यांना हसू आलं नाही.

त्यांनी प्राचीच्या बाबांना बाहेर न्यायला सुरुवात केली, तर मी बाबांची बाही धरली. मग डॉक्टरांनी तिथेच, माझ्या पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. चालताना तोल, हाताची नेमकी हालचाल, बोलताना जिभेचं वळणं, हे सगळं त्याच्याकडे. अति उष्णतेने सर्वांत आधी तोच भाजतो. पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल. त्यानंतर फार आशा धरू नये.

"शिकवता येईल?" मी विचारलं. म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. माझ्या तोंडातून दारू प्यायलेल्या माणसासारखा आवाज आला. तो मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. बाबांना कळला. त्यांनी तो पुन्हा विचारला नाही.

जे वाक्य परत घेतलं गेलं नाही

मी आयसीयूत असतानाच प्राचीच्या मैदानी चाचणीची तारीख येऊन गेली. प्राची गेली नाही. जाण्यासारखी तिची अवस्थाही नव्हती. पण न जाण्याचं कारण मला फार उशिरा, माझ्या नणंदेकडून कळलं. आयसीयूबाहेरच्या बाकावर तिने बाबांना हळूच विचारलं होतं, "बाबा, परवा ग्राउंड आहे माझं. जाऊ का?"

बाबा म्हणाले, "तुझ्या भरतीपायीच झालं हे सगळं."

तसे ते कमी बोलणारे आहेत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ते मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत. आणि प्राचीवर त्यांचा जीव आहे. पण ते वाक्य बोललं गेलं आणि मग कुणीच त्याच्याबद्दल बोललं नाही. घरी आल्यावरही जेवताना ते दोघं भाजी पुढे सरकवायचे, पाणी द्यायचे, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे नाहीत.

एकदा दुपारी बाबा माझ्या पायांना तेल चोळत होते. मला उभं राहायला शिकवणाऱ्या बाईंनी तसं सांगितलं होतं. चोळता चोळता त्यांचे हात थांबले.

"चादर मी घातली होती तुझ्या अंगावर," ते म्हणाले. "कूलर मीच बंद केला. भट्टीपाशी जिंदगी गेली माझी. मले समजाले पाहिजे होतं."

मी म्हणाले, "तुम्हाला वाटलं, थंडी वाजते."

"हो."

"हे प्राचीला सांगा."

त्यांनी मान डोलावली. आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी पुन्हा आग्रह केला नाही. प्रत्येकाची एक जागा असते, तिथे दुसऱ्याने हात लावला की ती जास्त दुखते.

शाळा

भिंत धरून, मग वॉकर धरून, मग काठीने मी चालायला लागले. पाय फाकवून, बोटीवर उभ्या असलेल्या माणसासारखी. दिवाळीनंतर शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी मला माझाच वर्ग दिला, त्यांचे उपकार आहेत. मुलं शहाणी होती. मी काय म्हणते ते कळलं नाही तरी "हो बाई" म्हणायची. एकदा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून येत होते, तर वर्गात एक मुलगी माझ्यासारखं बोलून दाखवत होती. बाकीची हसत नव्हती, नीट ऐकत होती. मी आधीच्या तासाला काय बोलले ते ती त्यांना उलगडून देत होती की काय कोण जाणे. मी दारातून परत फिरले. त्या महिन्याअखेरीस मी स्वतःच मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं, वर्ग सोडते. आता मी आठवड्यातून काही दिवस शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालते. एका पुस्तकाला वेळ लागतो, पण पुस्तकाला घाई नसते.

मी खोटं बोलले ते

प्राचीने धावणं सोडलं. बूट तिने कुणाला तरी देऊन टाकले. नागपूरला एका लॅबमध्ये काउंटरवर नोकरी धरली. पुन्हा भरतीची जाहिरात आली तेव्हा मी म्हटलं, फॉर्म भर. तिने भरला नाही.

एका संध्याकाळी ती माझ्या बोटांचा व्यायाम घेत होती. तिने न विचारताच सांगितलं, "त्या दिवशी तू म्हटलं होतं, बस झालं आता. मीच म्हटलं, आई, शेवटचा एक राउंड. मले टायमिंग पाहाचं आहे."

मला तिला सांगायचं होतं की असं झालं नाही. पण मला ती सकाळच आठवत नाही. मी कशाच्या आधारावर सांगणार? तरी मी म्हटलं, "नाही. मला आठवतं आता. मीच म्हटलं होतं, अजून एक मारू."

तिने माझी बोटं सोडली नाहीत. "मी काय घातलं होतं, आई?"

"निळा टी-शर्ट."

"तो धुवाले टाकला होता," ती म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. तिने माझं पुढचं बोट हातात घेतलं आणि वाकवायला सुरुवात केली. "नको असं करू माझ्यासाठी. तुले नाही आठवत ते नाही आठवत."

माझ्या आजाराने माझ्याकडून काय काय नेलं ते मोजायचं मी सोडलं आहे. पण ती एक सकाळ मला परत मिळाली असती तर मी बाकी सगळ्यावर पाणी सोडलं असतं. तिथे काय झालं ते बघून मी माझ्या मुलीला मोकळं केलं असतं. किंवा खरंच तिने म्हटलं असेल, तरीही निदान दोघींना ते माहीत असतं.

एवढं लक्षात ठेवा

मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी आम्हाला जे नंतर समजावलं ते सांगते. व्यायाम करताना लागणाऱ्या उष्माघातात अंगाला घाम असू शकतो. त्यावर जाऊ नका. माणूस भलतंच बोलू लागला, चिडला, ओळख विसरला, झोकांड्या खाऊ लागला, की तीच खूण समजा. त्यावेळी पाणी पाजायच्या मागे लागू नका, शुद्ध नसेल तर ते श्वासात जातं. पाणी अंगावर ओता. डोक्यापासून पायापर्यंत, भरपूर, आणि वारा घाला. जाड कपडे काढा, लाज नंतर. ॲम्ब्युलन्सला फोन करा, पण ती येईपर्यंत पाणी थांबवू नका. थरथर आली म्हणून पांघरूण घालू नका. आधी थंड करायचं, मग न्यायचं. आणि सर्दी-ताप असेल, गोळी घेतली असेल, झोप झाली नसेल, तर त्या दिवशी घरी राहा. उन्हाळ्यात अंगाला नव्या कसरतीची सवय हळूहळू लावायची असते, चार-दोन दिवसांत नाही.

इतकंच आहे. हे मैदानाच्या फाटकावर लिहून ठेवावं असं मला वाटतं.

ह्या उन्हाळ्यात

मला आता ऊन सोसत नाही. सूर्य वर यायच्या आत प्राची मला मैदानावर चालवून आणते. एका हातात काठी, दुसऱ्या हाताचं कोपर तिच्या हातात. भरतीच्या पोरी आमच्या बाजूने धावत जातात. प्राची त्यांच्याकडे बघत नाही.

परवा आम्हाला निघायला उशीर झाला. परत फिरत होतो तर पलीकडे धावणाऱ्या पोरींपैकी एक थांबली होती. ती मैत्रिणींशी भांडत होती, की हे आमचं घर आहे, तुम्ही इथं काहून आल्या. पोरी हसत होत्या.

प्राचीने माझं कोपर सोडलं आणि धावली. त्या सकाळनंतर तिला धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती आधी होती त्यापेक्षा जड झाली आहे, पण पाऊल तेच.

मी काठीवर उभी राहून, ऐकू येईल एवढ्या अंतरावरून बघत होते. तिने त्या मुलीला धरून मैदानाच्या कडेच्या नळापाशी नेलं, जॅकेट ओढून काढलं, नळ पूर्ण सोडला आणि तिला पाण्याखाली बसवलं. एका पोरीला फोन करायला लावलं. दुसरीच्या हातात तिचीच ओढणी देऊन सांगितलं, "हालव. थांबू नको." स्वतः ओंजळीने मुलीच्या डोक्यावर, मानेवर पाणी घालत राहिली. मुलगी आधी हात झटकत होती. मग शांत झाली. मग तिने वर बघून विचारलं, "दीदी, काय झालं मले?"

प्राचीने विचारलं, "नाव काय तुझं?"

मुलीने नाव सांगितलं. बरोबर असावं, कारण मैत्रिणी रडायला लागल्या.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मुलगी स्वतःच्या पायांनी आत चढली. बाकीच्या पोरी तिच्यासोबत गेल्या. मी पोचेपर्यंत तिथे प्राची एकटीच उरली होती, नळाच्या ओट्यावर, नखशिखान्त भिजलेली.

मला म्हणायचं होतं, तू वाचवलंस तिला. मी जवळ गेले तेव्हा तिने वर पाहिलं.

"हा नळ तेव्हाही इथंच होता, आई," ती म्हणाली.

मला शब्द काढायला वेळ लागतो हे तिला माहीत आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. पण ह्या वेळी जिभेचा दोष नव्हता. मी काठी खाली टाकली, ओट्याला धरून कशीबशी वाकले आणि तिच्याजवळ चिखलात बसले. नळ चालूच होता. तो बंद करायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.